वत्सगुल्मातली सुरमई

महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवर टांगावा आणि दोन्ही समुद्रांपासून सारखाच दुरावलेला मुलूख कोणता म्हणून शोधू लागावे, तर बोट फिरत फिरत वऱ्हाडच्या दक्षिण अंगाला येऊन थांबते. वाशीम तेथे आहे. पश्चिमेचा समुद्र येथून सरळ रेषेने सुमारे साडेचारशे किलोमीटर, आणि पूर्वेचा त्याहूनही लांब. येथल्या माणसाला समुद्र ठाऊक असतो तो चित्रपटातला, नाहीतर शाळेच्या सहलीतला.

आणि तरीही दोन्ही समुद्रांशी या जिल्ह्याचा जो व्यवहार आहे, तो खुद्द मुंबईचाही नाही. जिल्ह्याच्या डोंगराळ भागात पडलेला पाऊस काटेपूर्णेत उतरला की उत्तरेला अकोल्याकडे निघतो. काटेपूर्णा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेच्या पलीकडे अरबी समुद्राला. तोच पाऊस पाणलोटाच्या दक्षिणेला पडला, तर पैनगंगेत किंवा अरुणावतीत जातो आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा सोयरिकी जोडीत जोडीत बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतो. पाणलोटाच्या नेमक्या माथ्यावर कोणी घर बांधले असेल, तर त्याच्या एका पाख्याचे पाणी सुरतेला आणि दुसऱ्या पाख्याचे आंध्राच्या किनाऱ्याला! समुद्र वाशीमकडे येत नाही हे खरे. पण वाशीम दर पावसाळ्यात दोन्ही समुद्रांकडे जाऊन येते.

समुद्र येथे अगदीच येत नसे असेही नाही. तो येई तो मिठाच्या रूपाने. आगगाडी येण्यापूर्वी किनाऱ्यावरचे मीठ घाटमाथा ओलांडून आत आणायचे काम लमाणांचे तांडे करीत. शेकडो बैल, त्यांच्या पाठीवर गोण्या. येताना मीठ आणि जाताना धान्य. त्या बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान, सेवालाल महाराजांची समाधी असलेले पोहरादेवी, याच जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात आहे. तेथे २०२४ च्या ऑक्टोबरात बंजारा विरासत नावाचे मोठे संग्रहालयही सुरू झाले आहे. मिठाच्या मागोमाग समुद्र आला तो सुक्या बोंबलाच्या आणि सुकटीच्या रूपाने. आठवडी बाजारात मिरचीच्या ढिगाशेजारी गोणपाटावर हा वाळवलेला समुद्र आजही मांडलेला दिसतो, आणि त्याचा वास बाजाराच्या वेशीपासूनच आपले स्वागत करतो.

ओला समुद्र मात्र वाशीमच्या वाटेवर पोचला आहे तो अलीकडे. त्याचीच ही हकिकत.

मी जन्माने रत्नागिरीकडचा, पोटासाठी देशावर आलेला. वर्गात शिकवायचे मराठी, आणि त्यातही जुने मराठी. म्हणजे विद्यार्थी समोर बसलेले आणि मन प्राकृतात अडकलेले. वाशीमला जायची माझी हौस जुनी होती, कारण वाशीम म्हणजे वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन हा स्वतः कवी. त्याने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे काव्य लिहिले. ते काव्य हरवले. पुढच्या साहित्यशास्त्रकारांनी आपल्या ग्रंथांत त्यातले जे तुकडे उदाहरणादाखल घेतले, तेवढेच उरले. त्याच्या मुलाचा, दुसऱ्या विंध्यशक्तीचा, ताम्रपट १९३९ साली वाशीमलाच सापडला. त्यात वंशावळ सांगायची तेव्हा संस्कृत आणि व्यवहाराचे बोलायचे तेव्हा प्राकृत, असा प्रकार आहे. सरकारी कागदाची ही रीत सोळाशे वर्षे जुनी आहे, हे पाहून मला मोठी गंमत वाटली. याच घराण्यातल्या हरिषेणाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने अजिंठ्याचे सोळा क्रमांकाचे लेणे कोरविले.

पण माझे खरे आकर्षण राजशेखराचे. त्याने ‘काव्यमीमांसे’त एक कथा रचली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघाला. त्याला वश करायला साहित्यविद्या नावाची वधू त्याच्या मागे मागे देशोदेशी हिंडली. आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात त्या दोघांचे लग्न लागले. आपल्या ‘कर्पूरमंजरी’त तर त्याने या गावाच्या नावावरून पडलेल्या ‘वच्छोमी’ रीतीचा उल्लेखही केला आहे. जेथे काव्याचे आणि साहित्याचे लग्न लागले, त्या गावी साहित्याच्या शिक्षकाने एकदा जाऊन येऊ नये?

आमच्या महाविद्यालयातले इतिहासाचे प्राध्यापक बरोबर होते. गाडी त्यांची, विषय दोघांचा. छत्रपती संभाजीनगरहून आम्ही समृद्धी महामार्गाला लागलो. या ७०१ किलोमीटरच्या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा तुकडा २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला आणि अखेरचा तुकडा २०२५ च्या जूनमध्ये. रस्ता असा सरळ, की प्रवास केल्याचा अनुभवच येत नाही. गावे दिसत नाहीत, नुसत्या त्यांच्या नावांच्या पाट्या दिसतात. मालेगावच्या बाजूला आम्ही खाली उतरलो आणि वाशीमच्या जुन्या वाटेला लागलो, तेव्हा कुठे माणसे, बैल, सोयाबीनची खळी आणि चहाच्या टपऱ्या दिसू लागल्या. दुपारचा दीड वाजला होता.

आणि तेथे, दोन्ही बाजूंना तुरीची शेते असलेल्या त्या रस्त्यावर, मला समुद्र दिसला!

दहा-बारा फूट रुंदीची पाटी होती. तिच्यावर निळे पाणी, पाण्यावर शिडाची होडी, काठावर नारळाची दोन झाडे, आणि वर ‘अस्सल मालवणी’ अशी अक्षरे. प्राध्यापकमहाशय शाकाहारी, ते म्हणाले, “तुमच्या माहेरची पाटी आहे. थांबायलाच हवं.” मी थांबलो नसतो तरी ते थांबले असते, त्यांना भूक लागली होती.

आत दहाबारा टेबले, छताला जाळी टांगलेली, जाळीत थर्माकोलचे मासे. खाद्यपदार्थांच्या यादीत पापलेट, सुरमई, बांगडा, तिसऱ्या, खेकडा, कोळंबी अशी सारी मंडळी हजर होती, आणि प्रत्येकापुढे किमतीच्या जागी ‘बाजारभावाप्रमाणे’. कोणत्या बाजाराच्या, ते लिहिले नव्हते. मी सुरमईची थाळी सांगितली.

थाळी आली. जेवणाची निंदा करू नये असे आमच्या घरी शिकवले आहे, म्हणून मी नुसते वर्णन करतो. रश्शाचा रंग शेंदरी होता आणि त्याच्यावर साईचा एक वेल काढला होता. चव घेतली तर ती ओळखीची. काल रात्री ढाब्यावर पनीर ज्या रश्श्यात पोहत होते, तोच हा. नारळाचा त्यात पत्ता नव्हता, तिरफळ तर दूरच. भात लांब दाण्याचा, जिरे घातलेला. सोलकढी म्हणून जे आले ते गुलाबी होते, एवढे सोलकढीचे लक्षण त्यात खरे होते. बाकी ते गोड होते. आणि सुरमईचा तुकडा! सुरमई कापली की तिची वाटोळी चकती पडते, मधोमध काट्याचा ठिपका असतो. तो ठिपका पाहूनच लहानपणी आम्ही आमचे तुकडे वाटून घेत असू. हा तुकडा लांबट होता, पांढराशुभ्र होता आणि त्यात औषधालाही काटा नव्हता. वरचे लाल रव्याचे कवच काढले, तर आत मऊ, निमूट, कशालाच विरोध न करणारे काहीतरी. मीठ होते, तिखट होते. मासा कोठे होता ते मात्र शेवटपर्यंत कळले नाही.

प्राध्यापक आपली शेवभाजी आनंदाने खात होते. मी वाढणाऱ्या मुलाला जवळ बोलावले. वीस-एकवीस वर्षांचा, चुणचुणीत.

“बाळ, ही सुरमई का रे?”

त्याने एकदा गल्ल्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाला, “बासा हाय साहेब. पन सगळे तिले सुरमईच म्हनते.”

“मग सुरमई का नाही ठेवत?”

“ते बर्फात येते ना. दोन-तीन दिवस लागते. मंग वास मारते. बासा वास मारत नाई.”

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. समुद्रातल्या माशाच्या अंगात खारेपणाशी झुंजायला म्हणून जे एक द्रव्य असते, ते मासा मेल्यावर फुटू लागते आणि तो वास सुटतो. गोड्या पाण्यातल्या माशात ते जवळजवळ नसतेच. म्हणून मुंबईच्या बंदरातली सुरमई वाशीमला पोचेपर्यंत आपली कर्मकहाणी सांगू लागते, आणि बासा गप्प बसतो. हा बासा मूळचा आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीकडचा. आपल्याकडे त्याची मोठी पैदास आंध्रातल्या तळ्यांत होते, साल काढून, काटे काढून, गोठवून तो गावोगाव जातो. म्हणजे बघा, पाटीवर समुद्र, ताटात नदी, आणि ती नदीसुद्धा परमुलखातली! पैनगंगा तेथून फार लांब नव्हती.

माझी तक्रार मासा समुद्राचा नव्हता ही नव्हती. वाशीममध्ये समुद्राचा मासा मागणाऱ्याने फार कुरकुर करू नये. पण मग गोड्या पाण्याचाच मासा खायचा, तर येथल्या पाण्यातला का नाही, एवढा प्रश्न सोलकढीबरोबर घशात राहिला.

गाव पाहिले. वत्सगुल्म डोळ्यांना दिसेल असे फार उरलेले नाही. ते ताम्रपटात आणि पुस्तकांत आहे. अठराव्या शतकात भवानी काळू यांनी बांधलेले बालाजीचे मंदिर पाहिले, पद्मतीर्थाच्या काठी बसलो. इंग्रजांच्या कागदांत हे गाव ‘बासिम’ होते, आणि १९०५ पर्यंत त्याचा स्वतंत्र जिल्हाही होता. मग तो अकोल्यात गेला, आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. बासिम आणि बासा यांच्या नावांतल्या साम्यावर प्राध्यापकांनी एक कोटी केली. ती येथे देत नाही.

रात्रीचा मुक्काम माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे होता. तो वाशीमकडचाच, आता एका शाळेत शिक्षक. घर भोयांच्या वस्तीत. वडील तलावावर मासेमारी करून थकलेले, आई अजूनही बाजारात टोपली घेऊन बसते. मुलाने आमच्यासाठी पनीर आणले होते. पुन्हा पनीर! मी दुपारची सुरमईची गोष्ट सांगितली तसा तो हसला, मग जरा गंभीर झाला आणि म्हणाला, “सर, घरी मरळ आहे. आबांनी सकाळीच आणली. पण तुम्हाला विचारायला संकोच वाटला.”

“अरे, मी रत्नागिरीचा!”

“म्हणूनच, सर. तुम्ही समुद्राचे. आमच्या माशाला चिखलाचा वास येतो म्हणतात लोक.”

हा मुलगा पाच वर्षे माझ्या वर्गात बसला. प्राकृतातल्या गाथा त्याला माझ्याहून चांगल्या समजत. पण आपल्या घरात रोज काय शिजते, हे त्याने वसतिगृहात कधी कोणाला सांगितले नव्हते, हे मला त्या रात्री कळले. खाणावळीत कोकणातली मुले सुट्टीहून येताना आणलेल्या बांगड्याच्या गोष्टी रंगवून सांगत, आणि तो ऐकत बसे. बांगड्याच्या वासाला प्रतिष्ठा आहे. त्याच्यावर लोकांनी लेख लिहिले आहेत. मरळीच्या वासावर कोण लिहिणार? त्यातून हा जिल्हा देवधर्माचा. कारंजाला नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ, गावोगाव माळकरी. मासे खाणारे खातात, पण आपापल्या आळीत, आवाज न करता.

मागच्या अंगणात पाटीत ओल्या गोणपाटाखाली मरळ होती, आणि ती जिवंत होती! सकाळी पाण्याबाहेर काढलेली, संध्याकाळी सात वाजता शेपटी हलवीत होती. मरळीला हवेतला श्वास घेता येतो. अंग ओले राहिले की पाण्याबाहेरही ती तासन् तास तग धरते. बर्फ नको, पेटी नको. दुपारच्या त्या यादीतले सारे दर्यावर्दी एका बाजूला आणि हा ताजेपणा एका बाजूला. आबांनी तिला राखेत धरली, कारण नुसत्या हाताला ती लागू देत नाही, आणि दगडावर काम आटोपले. आईने विळीवर तुकडे केले. वाटोळे, मधोमध काट्याचा ठिपका.

मी चुलीजवळ पाट घेऊन बसलो. जवस भाजून वाटले होते, सुके खोबरे विस्तवावर भाजून काळपट केलेले, लसूण भरपूर, लाल मिरची, आणि चिंचेचा कोळ. मी म्हटले, “आई, ओला नारळ नाही घालत?”

“नारळ तुमच्या कोकनात. आमच्याइकडं जवस होते, मंग जवस घालतो.”

चिंच पाहून मला ‘मानसोल्लास’ आठवला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर, बाराव्या शतकातला. त्याची राजधानीही समुद्रापासून लांब. पण त्या ग्रंथात त्याने गळाने मासे धरण्यावर ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण लिहिले, समुद्रातले कोणते आणि नदीतले कोणते हे सांगितले, कोणाला कसले आमिष लावावे ते सांगितले, आणि स्वयंपाकाच्या भागात चिंचेच्या पाण्यात मासा शिजवायची कृतीही दिली. आम्ही हा ग्रंथ शिकवतो तो त्यात जुन्या मराठीच्या ओळी सापडतात म्हणून. त्या ओळींच्या शेजारीच मासे शिजत आहेत इकडे आमचे लक्ष जात नाही. आईला हे सांगितले. त्या म्हणाल्या, “राजाले कोनी सांगतलं असन? भोयानंच सांगतलं असन.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि इतिहासाच्या प्राध्यापकांजवळही नव्हते.

रस्सा काळसर, दाट. ज्वारीची भाकरी. पहिल्या घासाला तिखटाने कान तापले. मग जवसाचा खमंगपणा आला, मग चिंच, आणि मग मासा आला, घट्ट, गोडसर, आपल्या मताचा. काटा सांभाळून खावे लागत होते, म्हणजे जेवताना लक्ष द्यावे लागत होते. चिखलाचा वास? होता की थोडासा. पहिल्या पावसाच्या मातीला येतो, त्याच जातीचा. कोकणात खाऱ्या वाऱ्याला जो वास असतो, तसा हा येथल्या पाण्याचा. मी तिसरी भाकरी घेतली. प्राध्यापक पनीर खात होते आणि माझ्या ताटाकडे पाहत होते.

जेवणानंतर आबा ओसरीवर बसून बोलू लागले. तळ्यात काय काय मिळते ते सांगत होते: वांब, शिंगाळा, मरळ, झिंगे, बारीक मासोळी. ही नदीची जुनी मंडळी. तलावाची मासेमारी संस्थेकडे ठेक्याने असते. संस्था पावसाळ्यात राहू, कटला, मृगळ यांचे बीज विकत आणून सोडते, कारण ते लवकर वाढते आणि वजनावर विकले जाते. म्हणजे राहू-कटलाही पाहुणेच, गंगेकडचे. पूर्वी हे बीज नदीतून वेचून आणावे लागे. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी ओडिशातल्या अंगुलला माशांना टोचणी देऊन तळ्यात अंडी घालायला लावली, आणि मग हे पाहुणे देशभर सगळ्या धरणांत जाऊन राहिले. आबांना चौधुरींचे नाव माहीत नव्हते. टोचणीची गोष्ट मात्र माहीत होती. “राहूनं पोट भरते,” ते म्हणाले, “पन घरी खायाले मरळच. आता कमी झाली. वांब तं पाच-सहा सालात दिसलीच नाई म्हना.”

मी विचारले, “आबा, रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांना का नाही देत मरळ?”

“इचारलं ना. दोन खेपा गेलतो. ते म्हनते, काटे हाय, गिऱ्हाईक बसून काटे काढत नाई. अन् मरळीचं नाव कोनाले माईत?” मग ते हसले. “मालक सोता घरी नेते माह्याकडून. दर रविवारी. मोठी पाह्यून ठेवा म्हनते.”

ज्याच्या पाटीवर नारळाची झाडे आणि शिडाची होडी, त्याच्या घरी रविवारी मरळ! विद्यार्थी खाली मान घालून हसत होता. ही गोष्ट त्याला ठाऊक होती. त्याने सांगितली नव्हती एवढेच.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक गाडी घेऊन नागपूरला गेले. मी अकोल्याकडे जाणारी आगगाडी धरली. निघताना आईने वर्तमानपत्रात बांधलेली पुडी हातात ठेवली. वाळवलेले झिंगे, तळ्यातले. पुडी पिशवीत, पिशवी पायाशी. पण वर्तमानपत्राला काय आवरणार! पाच-दहा मिनिटांत समोरच्या गृहस्थांनी नाक वर केले, पिशवीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि अगत्याने विचारले,

“कोकनातून आले काय?”

“नाही,” मी म्हटले, “वाशीमहून.”

“वाशीमले कुठं मासे?” ते म्हणाले, आणि खिडकी उघडून बसले.